माजी सैनिकांची बैठक उद्या कोणासाठी?

तालुक्याच्या बहुतेक गावी माजी सैनिक संघटनेची एखादी खोली असते. कुठे ती सरकारी आवारात असते, कुठे बाजारपेठेतल्या जुन्या इमारतीच्या माडीवर, तर कुठे सभासदांनी वर्गणी काढून बांधलेली स्वतंत्र वास्तू असते. भिंतीवर पलटणीचे फोटो, शहिदांच्या नावांची पाटी, कपाटात जाड रजिस्टरे आणि दाराशी प्लास्टिकच्या खुर्च्या. सकाळी दहाच्या सुमारास दोन-चार बुजुर्ग येतात, वर्तमानपत्र चाळतात, चहा मागवतात, पेन्शनवर आणि गुडघेदुखीवर बोलतात व जेवणाच्या वेळेला उठतात. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि २६ जुलैचा कारगिल विजय दिवस सोडला तर एरवी खुर्च्या मोकळ्याच. चाळिशीत निवृत्त होऊन आलेला हवालदार तिकडे फारसा फिरकत नाही. त्याने दुसरी नोकरी धरलेली असते, मुले शिकत असतात आणि पलटणीतले दोस्त मोबाइलच्या ग्रुपवर भेटतच असतात.

हे बुजुर्ग अल्लाहला प्यारे झाल्यावर या खोलीचे काय होणार, असा प्रश्न संघटनेचे पदाधिकारी आता उघडपणे विचारू लागले आहेत. त्याच्या आधीचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ही खोली मुळात कशासाठी होती? आमच्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या प्रश्नात आहे.

कौटुंबिक मासिकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण फौजेत एक माणूस जातो तेव्हा घरातले सगळेच थोडेबहुत फौजेत जातात. बायको एकटीने संसार रेटते, आई प्रत्येक अजानीला दुआ मागते, मुले वर्षातून दोनदा बापाला बघतात. तो घरी परततो तेव्हा त्याच्या सेवेचा हिशेब सरकारदरबारी कागदावर असतो आणि तो कागद नीट ठेवणे, वाचणे, वेळेवर दाखवणे हे काम बहुधा घरच्यांच्याच वाट्याला येते. माजी सैनिकांच्या संघटना जगभर सुरू झाल्या त्या याच गरजेतून.

आधी काम, मग खुर्च्या

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले. पुढच्याच वर्षी इलिनॉय राज्यातील डेकॅटर या गावी उत्तरेच्या बाजूने लढलेल्या सैनिकांनी ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही संघटना काढली. विधवांना आणि यतीम मुलांना आधार, अपंग सैनिकांना पेन्शन, निराधारांसाठी निवासगृहे अशी कामे तिने हाती घेतली. युद्धात पडलेल्यांच्या कबरींवर फुले वाहण्याचा दिवस तिने १८६८ साली देशभर पाळायला लावला. आज अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पाळला जाणारा ‘मेमोरियल डे’ तो हाच. १८९० च्या सुमारास या संघटनेचे चार लाखांहून अधिक सभासद होते आणि त्यांना दुखवून निवडणूक लढवणे कोणत्याही पुढाऱ्याला परवडत नसे.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये जमलेल्या अमेरिकन सैनिकांनी ‘अमेरिकन लीजन’ स्थापन केली. ब्रिटनमध्ये वेगवेगळ्या चार संघटना एकत्र येऊन १५ मे १९२१ रोजी ‘ब्रिटिश लीजन’ उभी राहिली. त्या वेळी ब्रिटनमध्ये लाखो सैनिक बेकार होते, कित्येकांचे हातपाय गेलेले होते. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्रज लोक कोटावर लावतात ते कागदी लाल खसखशीचे फूल याच संघटनेच्या निधीसाठी असते आणि ती फुले बनवण्याचे काम जखमी सैनिकांना देण्यात आले.

या संघटनांचे सर्वांत मोठे काम म्हणावे असे १९४४ साली झाले. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना शिक्षण, घरासाठी कर्ज आणि बेकारीच्या काळात भत्ता देणाऱ्या अमेरिकन कायद्याचा मसुदा लीजनच्या कार्यकर्त्यांनीच तयार केला होता. २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. पुढच्या बारा वर्षांत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्याच्या आधारे कॉलेजचे शिक्षण किंवा धंद्याचे प्रशिक्षण घेतले. शेतकऱ्याचा, कामगाराचा मुलगा कॉलेजात गेला. त्याला गालबोटही आहे. अंमलबजावणी स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती असल्याने दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय सैनिकांना या लाभांपासून मोठ्या प्रमाणावर दूर ठेवले गेले. कायदा सर्वांसाठी झाला तरी ज्याच्या पाठीशी कोणी उभे नव्हते त्याच्यापर्यंत तो पोचला नाही. हा धडा पुढे आपल्याही कामी येणार आहे.

गावोगावच्या शाखांच्या इमारती, त्यातला हॉल, पत्त्यांचे टेबल, दारूचा बार, शनिवारचे जेवण हे सगळे या कामाच्या आगेमागे आले. दिवसभर सैनिकांचे अर्ज भरायचे आणि संध्याकाळी एकत्र बसायचे. लढाईत पाहिलेले घरी बायकोपोरांना सांगता येत नाही, ते तिथे न सांगताच समजत असे. त्या बैठकीची किंमत कमी लेखू नये. पण हळूहळू काम सरकारी खात्यांकडे गेले आणि बैठक तेवढी उरली.

खुर्च्या रिकाम्या का झाल्या?

अमेरिकन लीजनची सभासदसंख्या १९४६ साली ३३ लाखांवर गेली होती. आज ती २० लाखांच्याही खाली आहे. ब्रिटनमध्येही लीजनचे अनेक क्लब बंद पडले, काही इमारती विकाव्या लागल्या. याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण साधे आहे. सैनिकच कमी झाले. ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करी सेवा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला संपली, अमेरिकेत सक्तीची भरती १९७३ साली बंद झाली. पूर्वी प्रत्येक गल्लीत चार माजी सैनिक असत, आता चार गल्ल्यांत एखादा.

दुसरे कारण राहणीमानाचे. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, संध्याकाळ मुलांसाठी हवी असते. करमणूक घरात आली. ही अडचण केवळ सैनिकी क्लबांची नाही. वाचनालये, भजनी मंडळे, मोहल्ल्यातल्या अंजुमन यांनाही तीच भेडसावते.

तिसरे कारण पैशाचे. अनेक क्लबांचे उत्पन्न बारवर अवलंबून होते. दारूची विक्री घटली तशी वीज, दुरुस्ती आणि कर भागेनासे झाले. आपल्या वाचकांना हे कारण विशेष वाटेल. ज्या बैठकीचा चूल-खर्च दारूवर चालतो तिथे बायकामुले मोकळेपणाने येत नाहीत, दारू सोडू पाहणारा सैनिक येत नाही आणि दीन पाळणारा माणूसही दारातूनच परत फिरतो. मनाने जखमी होऊन परतलेल्या माणसाला तर तो ग्लास हाच धोका असतो. आपल्याकडेही लष्करी कॅन्टीनच्या कोट्यातली बाटली आणि माजी सैनिकांची बैठक यांची सांगड लोकांच्या डोक्यात बसली आहे. त्यामुळे आपल्या समाजातली फौजी कुटुंबे या बैठकांपासून लांब राहिलेली आम्ही पाहिली आहेत. नुकसान दोन्हीकडचे झाले. संघटनेला सभासद मिळाले नाहीत आणि कुटुंबांना माहिती मिळाली नाही.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे. आत बसलेल्यांनी नव्यांना जागा दिली नाही.

दार कोणासाठी उघडे?

ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिकचे सभासदत्व फक्त यादवी युद्धात लढलेल्यांनाच होते. म्हणजे संघटनेचे आयुष्य सभासदांच्या आयुष्याएवढेच. १९४९ साली इंडियानापोलिसमध्ये तिचे शेवटचे अधिवेशन भरले तेव्हा सहा म्हातारे हजर होते. शेवटचा सभासद अल्बर्ट वूल्सन २ ऑगस्ट १९५६ रोजी वारला आणि चार लाखांची संघटना मिटली. त्यांनी हे समजून-उमजून केले होते आणि जाण्यापूर्वी पेन्शन, निवासगृहे, स्मृतिदिन अशा व्यवस्था देशाच्या हवाली केल्या होत्या. फ्रान्सच्या किनाऱ्यावर १९४४ साली उतरलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ‘नॉर्मंडी व्हेटरन्स असोसिएशन’नेही ७० व्या स्मृतिवर्षानंतर, २०१४ साली आपले निशाण उतरवले. सन्मानाने संपणे हाही एक मार्ग आहे, पण काम पुढे चालवणारा कोणी असेल तरच.

अमेरिकन लीजनने दुसरा मार्ग घेतला. पहिल्या महायुद्धवाल्यांनी दुसऱ्या महायुद्धवाल्यांना आत घेतले म्हणून १९४६ ची गर्दी झाली. पुढे व्हिएतनामहून परतलेल्यांना मात्र अनेक शाखांत थंड वागणूक मिळाली. तुमचे युद्ध ते काय युद्ध, असा सूर ज्येष्ठांनी लावला. ती पिढी दुखावली आणि त्यातल्या पुष्कळांनी स्वतंत्र संघटना काढल्या. २०१९ साली अमेरिकेने कायदा बदलून ७ डिसेंबर १९४१ नंतर सेवा केलेल्या सर्वांसाठी लीजनचे दार उघडले. तोवर बराच उशीर झाला होता.

कॅनडातली एक घटना आपण लक्षात ठेवावी अशी आहे. ११ नोव्हेंबर १९९३ रोजी, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनीच, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सरे शहरात लीजनच्या न्यूटन शाखेत काही शीख माजी सैनिकांना प्रवेश नाकारला गेला. डोक्यावर काही घालून आत यायचे नाही असा तिथला नियम होता आणि हे लोक पगडी घालून आले होते. त्यांच्यात लेफ्टनंट कर्नल प्रीतमसिंग जौहल होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ज्या बाजूने लढा दिला, तिच्याच स्मृतीसाठी तो हॉल उभा होता. पुढच्या वर्षी लीजनच्या राष्ट्रीय अधिवेशनात धार्मिक शिरोवस्त्रांना सर्व शाखांत परवानगी देण्याचा प्रस्ताव बहुमताने फेटाळला गेला. या प्रकरणाने लीजनची देशभर नाचक्की झाली. नव्या कॅनडातले तरुण ज्या दारातून आत येऊ शकले असते, ते दार तिने स्वतःच ओढून घेतले होते.

याउलट २०१० साली हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा अमेरिकेतले काही तरुण माजी सैनिक मदतीला धावले आणि त्यातून ‘टीम रुबिकॉन’ ही संघटना उभी राहिली. तिच्याकडे बार नाही आणि पत्त्यांचे टेबलही नाही. पूर आला, वादळ आले की माजी सैनिक हातात फावडे घेऊन निघतात. एकत्र काम करताना त्यांना आपली पलटण परत मिळते. नव्या पिढीला बैठक नको आहे असे नाही. तिला कामासाठी जमायचे आहे.

आपल्याकडची गोष्ट

भारतात माजी सैनिकांची संख्या मोठी आहे, परंपराही जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय फौजेत होते. आपल्याकडे इंग्रजी धाटणीचे क्लब खेड्यापाड्यात कधी रुजले नाहीत. इथे सरकारी मंडळे आली. पहिल्या महायुद्धानंतर सुरू झालेल्या व्यवस्थेतून आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड आणि जिल्ह्याजिल्ह्यातली सैनिक कल्याण कार्यालये उभी राहिली. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होतो. शाळांतून आपण तो दरवर्षी पाहतो. एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ‘ईसीएचएस’ ही आरोग्य योजना आहे. ‘वन रँक वन पेन्शन’साठी २०१५ च्या जूनपासून दिल्लीत जंतरमंतरवर माजी सैनिक बसले आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला सरकारला घोषणा करावी लागली. गावोगावच्या संघटना एका मागणीसाठी उभ्या राहिल्या की काय होते, हे तेव्हा दिसले.

आता त्यांच्यापुढे नवा पेच आहे. २०२२ साली अग्निपथ योजना आली. अग्निवीराची सेवा चार वर्षांची. त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम ठेवले जाते. बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी येतात. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही आणि सरकारच्या व्याख्येत ते ‘माजी सैनिक’ही नाहीत. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस प्रशिक्षणाला गेल्या. म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून बावीस-चोवीस वर्षांचे तरुण परतू लागतात. या योजनेच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले गेले आहे. आम्हाला इथे एवढेच विचारायचे आहे की हा मुलगा तालुक्याच्या त्या खोलीच्या दारात येऊन उभा राहील तेव्हा सुभेदार साहेब त्याला काय म्हणतील? ‘तुझी चार वर्षे ती काय सेवा’ म्हणतील, की ‘ये बेटा, बस’ म्हणतील?

संघटनेची घटना बदलणे सभासदांच्याच हाती असते. सरकारने व्याख्येबाहेर ठेवलेल्याला संघटना आत घेऊ शकते. त्याला बँकेत पैसे कसे ठेवावेत, पुढचे शिक्षण कसे पुरे करावे, पोलीस भरतीचा अर्ज कधी निघतो, हे सांगणारा वडीलधारा माणूस हवा आहे. आणि संघटनेला मोबाइलवरून अर्ज भरणारा, मोटरसायकलवरून चार गावे फिरणारा तरुण हवा आहे. दोघांचीही गरज एकाच दारापाशी येऊन थांबली आहे.

आपल्या घरांचे वेगळे प्रश्न

महाराष्ट्रातील मुस्लिम समाजात फौजी परंपरा आहे, पण विखुरलेली. कोकणातल्या दर्यावर्दी घरांतले तरुण जुन्या रॉयल इंडियन नेव्हीत होते. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात एखाद्या मोहल्ल्यात एक-दोन फौजी घरे सापडतात. सातारा, कोल्हापूरकडच्या सैनिकी गावांत घरोघरी माहितगार असतो, शेजारच्या काकू सगळे फॉर्म पाठ सांगतात. आपल्या मोहल्ल्यात एकुलते एक फौजी घर असेल तर विचारायचे कोणाला? दक्षिण अमेरिकेतल्या नव्हे, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या त्या कृष्णवर्णीय सैनिकांची आठवण इथे होते. हक्क कागदावर असून उपयोग नाही, तो घरापर्यंत आणणारा कोणी हवा.

पहिली अडचण नावाची. निकाहनामा उर्दूत, डिस्चार्ज बुक इंग्रजीत, शाळेचा दाखला मराठीत आणि आधार कार्ड संगणकाने जे लिहिले ते. एकाच बाईचे नाव एका कागदावर जैबुन्निसा, दुसऱ्यावर जैबुनबी, तिसऱ्यावर जैबून शेख. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना आम्हाला हा घोळ रोज दिसतो. आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या दादी अशाच तीन नावांमुळे कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कितीतरी महिने हेलपाटे घालत होत्या. मरहूम शिपायाने लग्नाची नोंद पलटणीत वेळेवर केली होती, पण नाव घरातल्या हाकेचे लिहिले होते. शेवटी प्रतिज्ञापत्र, जुना रेशन कार्डाचा कागद आणि निकाहनाम्याचे मराठी भाषांतर जोडल्यावर काम मार्गी लागले. ही दुरुस्ती नवरा हयात असताना एका दिवसाच्या चकरेत झाली असती.

दुसरी अडचण इद्दतीची. पती गेल्यावर चार महिने दहा दिवस बाई घरात असते. नेमक्या याच काळात बँकेला मृत्यूची खबर द्यायची असते, पेन्शनचा अर्ज करायचा असतो, खाते बदलायचे असते. घरातल्या मुलांना काही ठाऊक नसते. मग कोणी ‘एजंट’ येतो आणि हजारो रुपये घेऊन फुकट होणारे काम करून देतो. संघटनेतल्या दोन महिला, एखादी माजी सैनिकाची पत्नी आणि एखादी शिक्षिका, कागद घेऊन घरी गेल्या तर हा लुटारू दारातच थांबेल.

तिसरी अडचण शिक्षणाची. केंद्रीय सैनिक बोर्डातर्फे पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना चालते. अधिकारी दर्जाखालील माजी सैनिकांच्या मुलांना आणि त्यांच्या विधवांना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमासाठी ती मिळते. दरमहा मुलींना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये असा दर २०१९ साली ठरला. बारावी किंवा तत्सम परीक्षेत किमान ६० टक्के गुण लागतात. इंजिनीअरिंग, वैद्यकीय, बी. एड. असे अनेक अभ्यासक्रम त्यात बसतात. अर्ज ऑनलाइन असतो. आमच्या पाहण्यातल्या कित्येक हुशार मुलींनी फी नाही म्हणून बी. एड. सोडले, त्यांच्यात फौजी घरच्याही होत्या. त्यांना ही योजना कोणी सांगितलीच नव्हती.

परमवीर चक्र विजेते अब्दुल हमीद यांचे नाव आपल्या मुलांना पाठ असते. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणच्या रणांगणात पाकिस्तानी रणगाडे उडवताना ते शहीद झाले. त्यांच्या पत्नी रसूलनबी २०१९ च्या ऑगस्टपर्यंत हयात होत्या. म्हणजे जवळजवळ ५४ वर्षांचे वैधव्य. शहिदाची लढाई काही दिवसांची होती, बेवेची अर्ध्या शतकाची. पाठ्यपुस्तकात एका ओळीत येणाऱ्या शौर्यामागे एवढे लांब आयुष्य असते. संघटना नेमकी या दुसऱ्या लढाईसाठी असते.

आपल्या इतिहासातला दाखला

प्रेषित मुहम्मद (स.) यांना अजून प्रेषित्व मिळाले नव्हते तेव्हाची गोष्ट. यमनमधल्या जबीद गावचा एक व्यापारी मक्केत माल विकायला आला. मक्केच्या एका बड्या सरदाराने माल घेतला आणि पैसे बुडवले. परक्या माणसाचे तिथे कोणी नव्हते. त्याची फिर्याद ऐकून काही मंडळी अब्दुल्ला बिन जुदआन यांच्या घरी जमली. मक्केत ज्याच्यावर जुलूम होईल, मग तो इथला असो वा परका, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण त्याच्या पाठीशी राहू, असा करार त्यांनी केला. हाच ‘हिल्फुल फुजूल’. तरुण मुहम्मद (स.) त्यात सामील होते आणि प्रेषित्वानंतरही त्या कराराचा उल्लेख त्यांनी आदराने केला. अशा कामासाठी आजही बोलावले तर मी जाईन, असा त्यांचा आशय होता.

या करारासाठी वेगळी इमारत नव्हती, वर्गणी नव्हती, पदाधिकारी नव्हते. एका माणसाचा बुडालेला हक्क होता. तो मिळाला. चौदाशे वर्षे उलटूनही ती बैठक आपल्याला ठाऊक आहे.

हजरत उमर (रजि.) यांनी खलीफा असताना ‘दीवान’ नावाची नोंदवही सुरू केली. लढणाऱ्यांची नावे, त्यांच्या बायकामुलांची नावे आणि प्रत्येकाचे वेतन तिच्यात लिहिले जाई. आधी मुलाला भत्ता दूध तुटल्यावर मिळे. एका रात्री एक बाळ सारखे रडताना त्यांनी ऐकले. भत्ता लवकर मिळावा म्हणून आई त्याचे दूध तोडत होती, असे कळले. तेव्हा जन्मापासूनच भत्ता सुरू करण्याचा हुकूम त्यांनी काढला, अशी रिवायत आहे. नोंदवही ठेवणारा माणूस रात्री गल्लीत फिरला म्हणून नियमातली चूक सापडली. कार्यालयात बसून ती सापडली नसती.

काय करता येईल?

आमच्या सूचना साध्या आहेत, त्यांना फारसा खर्च नाही.

प्रत्येक तालुक्यातल्या संघटनेने आपल्या रजिस्टरात हयात सभासदांच्या जोडीला विधवांची नावे लिहावीत. कोण कुठे राहते, पेन्शन चालू आहे का, हयातीचा दाखला दरवर्षी कोण भरते, एवढे तीन रकाने पुरेत.

मोहल्ल्यातल्या अंजुमनने किंवा मस्जिद कमिटीने महिन्यातून एका रविवारी कागदपत्रांसाठी एक टेबल मांडावे. मस्जिदीच्या आवारात नको वाटल्यास शाळेचा वर्ग आहे. तिथे तालुक्याच्या संघटनेतल्या एखाद्या जाणकाराला बोलवावे. तो मराठा असेल, बौद्ध असेल, धनगर असेल. एका खंदकात झोपलेली ही माणसे असतात. त्यांना बोलावणे पाठवायची खोटी, ती येतात. यातून शेजारधर्मही वाढेल.

फौजी घरातल्या कर्त्या माणसाने हयातीतच पाच गोष्टी तपासाव्यात: डिस्चार्ज बुकात पत्नीचे नाव आधारप्रमाणे आहे का, सर्व मुलांच्या जन्मतारखा नोंदल्या आहेत का, पेन्शनच्या आदेशात पत्नीची नोंद आहे का, बँक खाते दोघांच्या नावे आहे का आणि हे सगळे कागद घरात कोणत्या पेटीत आहेत ते पत्नीला ठाऊक आहे का. शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आणि तीच सर्वांत जास्त विसरली जाते.

आम्ही शिक्षक मंडळींनी वर्गात एकदा विचारावे, कोणाच्या घरी फौजी आहे? दोन हात वर होतील. त्या दोन मुलांच्या घरी शिष्यवृत्तीची माहिती पोचवणे हे आमचे काम आहे. निकाहनाम्याचे मराठी भाषांतर करून देणे हेही आम्हाला अवघड नाही.

आणि परतणाऱ्या अग्निवीरांचे नाव रजिस्टरात लिहायला सुरुवात करावी, सरकारची व्याख्या बदलो वा न बदलो.

तालुक्याची ती खोली टिकेल का? काही ठिकाणी टिकेल, काही ठिकाणी कुलूप लागेल. इमारतीचे दुःख फार करू नये. जिथे बुधवारी सकाळी एक बेवा बाई पिशवीत कागद घेऊन येते आणि कोणीतरी उठून तिला खुर्ची देते, ती खोली चालू राहील. जिथे तिला यायचे कारण उरले नाही, तिथे बसलेल्यांनी स्वतः उठून तिच्या घरी जावे.